जकात, मीठ आणि प्राप्तीवरील कर

पेशवाईच्या दप्तरांत मालावरील जकातीचीं तीन नांवें वारंवार भेटतात: माल भरतांना थळभरीत, विकतांना थळमोड आणि शिक्क्याबद्दल छापा. वाटेंत दुसऱ्याचा अंमल लागला कीं पुनः नाकें आलेंच. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत मात्र, वाण्यावर कर बसवितांना राजानें खरेदी, विक्री, वाटेचें अंतर, अन्नादि खर्च व मालाच्या रक्षणाचा व्यय पाहावा, असें सांगितलें आहे. शास्त्रकाराची दृष्टि गोणीपेक्षां नफ्यावर अधिक आहे, याकडे जकातीविषयीं लिहिणारांनीं अधिक लक्ष द्यावयास हवें.

कंपनी सरकारनें १८३७-३८ मध्यें मुंबई इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती उठविल्या व मिठावर मणीं आठ आणे कर बसविला. व्यापार मोकळा झाला, हें निर्विवाद. मिठागरें मोजकीं, पहारा सोपा आणि वसुलीचा खर्च थोडा. म्हणून कारभाऱ्यांस हा कर फार आवडला. १८४४ सालीं शहरजकाती, मोहतर्फा व बलुत्यांवरील पट्टी काढून मिठाचा दर रुपयावर नेला. सुरतेस लोक उठले, तेव्हां तो बारा आण्यांवर आला.

येथें जें घडलें तें नीट पाहिलें पाहिजे. मोहतर्फा हा उदीम व कसब यांवरील कर. तो गरीब कोष्ट्यासही जाचे, परंतु मोठ्या दुकानदारासही द्यावा लागे. त्याची भरपाई मिठांतून झाली, म्हणजे सावकाराचें ओझें मजुराच्या भाकरीवर आलें. मीठ श्रीमंत कांहीं दसपट खात नाहीं!

ही उणीव भरून काढण्याजोगा कर म्हणजे प्राप्तीवरील कर. तो जेम्स विल्सन यांनीं १८६० मध्यें आणला. १८६५ त तो संपला. १८८६ च्या कायद्यानें तो कायम झाला: पांचशें रुपयांखालीं माफी, दोन हजारांवर रुपयास पांच पै, म्हणजे दोन हजारांस बावन्न रुपये एक आणा चार पै. शेतीचें उत्पन्न मात्र वगळलें गेलें. बड्या जमीनदारांस ही सूट गोड लागली असल्यास नवल नाहीं. इतकें होऊनही १८८८ सालीं मिठाचा दर दोन रुपयांवरून अडीचांवर चढला.

नामदार गोखले यांनीं १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत दोन्ही करांचा विचार एकत्र केला. पुढील वर्षीं मिठाचा दर आठ आण्यांनीं उतरला आणि प्राप्तिकराची माफी हजारापर्यंत गेली. मिठावरील तो कर १९४७ सालीं उठला. शेतीच्या उत्पन्नाची सूट प्राप्तिकराच्या कायद्यांत अद्याप आहे.