समुद्रफुलाचे न बदललेले विष

१९०१ च्या जुलै महिन्यात मोनॅकोचे प्रिन्स पहिले आल्बेर यांची ‘प्रिन्सेस अलीस’ ही संशोधननौका अटलांटिकच्या सफरीवर निघाली. प्रिन्सना सागरविज्ञानाचा मोठा नाद होता. या सफरीत त्यांच्यासोबत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पाण्यावर निळ्या फुग्यासारखा तरंगणारा फायसेलिया आपल्या लांबलचक धाग्यांतून कोणते विष टोचतो, हे त्यांनी शोधावे अशी प्रिन्सची इच्छा होती. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन पडणारे ‘ब्लू बॉटल’ हे याच फायसेलियाचे. ज्यांनी कुतूहलाने त्यांना बोट लावले आहे त्यांना या विषाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

नौकेवर विष काढून प्राण्यांवर तपासले गेले. पण पॅरिसला परतल्यावर फायसेलिया कोठून आणायचा? म्हणून दोघे त्याच्या एका आप्ताकडे वळले. हा आप्त म्हणजे खडकाला चिकटून बसणारा, फुलासारखा दिसणारा आणि पाकळ्यांसारख्या संस्पर्शकांनी भक्ष्य पकडणारा सी ॲनिमोन, अर्थात समुद्रफूल. जेलीफिश, प्रवाळ, फायसेलिया आणि समुद्रफूल हे सारे निडारिया या एकाच प्राणिसंघातले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्रफुले सहज मिळत. त्यांचे संस्पर्शक ग्लिसरिनमध्ये ठेवून रिशे-पोर्तिये यांनी विषाचा अर्क तयार केला.

पुढचा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात गाजलेला आहे. अल्प मात्रा देऊन कुत्र्यांना या विषाची सवय लावता येईल, अशी रिशे यांची अपेक्षा होती. पाश्चरच्या काळातील वैज्ञानिकाला ती स्वाभाविकच वाटणार. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचवली. काही आठवड्यांनी तशीच अल्प मात्रा पुन्हा दिली गेली. पाहता पाहता त्याला धाप लागली, तो कोसळला आणि २५ मिनिटांत मरण पावला. कुत्र्याचे नाव ठाऊक असल्यामुळे की काय, हे वर्णन आजही वाचवत नाही. संरक्षण मिळण्याऐवजी शरीर पहिल्या भेटीनंतर अधिकच हळवे झाले होते. या अवस्थेसाठी रिशे यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द घडवला, फेब्रुवारी १९०२ मध्ये शोध जाहीर केला, आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नेपच्यूनचा बळी विषाच्या मूळ क्रियेने घेतलाच नव्हता. तो घेतला त्याच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेने. त्यामुळे कीर्ती प्रतिकारशास्त्राच्या वाट्याला गेली आणि समुद्रफुलाचे विष हा विषय बरीच दशके मागे पडला. त्यात नेमके असते तरी काय, याचे उत्तर मिळायला प्रथिने शुद्ध स्वरूपात वेगळी करण्याचे तंत्र परिपक्व व्हावे लागले. १९७५ मध्ये जर्मनीतील लास्लो बेरेस आणि सहकाऱ्यांनी ‘ॲनिमोनिया सल्काटा’ या समुद्रफुलातून काही चेताविषे वेगळी केली. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाचे विष अवघ्या ४७ ॲमिनो आम्लांचे होते.

माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली. समुद्रफुलांकडे मी वळलो तो जीवशास्त्राच्या ओढीने नव्हे. दोन आकड्यांनी मला तिकडे खेचले. निडारियांच्या दंशपेशीतील कुपीत सुमारे १५० वातावरणांइतका दाब साठलेला असतो. हायड्रा या गोड्या पाण्यातील निडारियात ही कुपी फुटून तिच्यातील शूल बाहेर येतो, तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ५० लाख पटींहून अधिक असते आणि सारा खेळ ७०० नॅनोसेकंदांत आटोपतो. हे मोजमाप २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने झाले. हे झाले टोचण्याबद्दल. टोचल्यानंतरची कथाही विद्युतशास्त्राचीच आहे. चेतापेशीच्या पटलावर सोडियम आयनांसाठी दारे असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. मिटली नाहीत तर पेशी पुन्हा शांत होऊ शकत नाही. बेरेस यांचे विष दार मिटण्याच्या क्रियेलाच अडथळा करते. भक्ष्याच्या चेतापेशी पेटलेल्या राहतात, स्नायू आखडतात. गंमत अशी की विंचवाची काही विषेही दाराच्या याच भागाला जाऊन चिकटतात. विंचू आणि समुद्रफूल यांच्या विषांची घडण वेगळी, कुळे वेगळी. दोन चोरांनी स्वतंत्रपणे एकच कुलूप हेरले, इतकेच.

येथून प्रश्न उत्क्रांतीकडे जातो.

विषांच्या उत्क्रांतीबद्दल आपली पाठ्यपुस्तकी समज बनली ती साप, विंचू आणि शंखगोगलगायी यांच्यावरून. भक्ष्य विषाला तोंड द्यायला शिकते, मग विष बदलते, मग भक्ष्य बदलते: शस्त्रस्पर्धेचे हे चित्र. जनुकांत त्याची खूण शोधण्याची रीत सोपी आहे. जनुकातील काही बदलांनी प्रथिन बदलते. काही मूक असतात, त्यांनी प्रथिनात काहीच फरक पडत नाही. मूक बदलांच्या तुलनेत प्रथिन बदलणारे बदल अधिक टिकले असतील, तर नैसर्गिक निवड नावीन्याला उत्तेजन देत आहे असे समजायचे. उलट असेल, तर ती जुने जपते आहे. सापांच्या आणि शंखगोगलगायींच्या अनेक विषांत पहिली स्थिती वारंवार आढळते.

२००६ मध्ये इस्रायलचे येहू मोरान आणि मायकेल गुरेविट्झ यांनी हेच गणित ‘नेमॅटोस्टेला व्हेक्टेन्सिस’ या समुद्रफुलावर मांडले. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाजणांच्या चिखलात राहणारे, काही सेंटिमीटर लांबीचे हे जीव प्रयोगशाळेत सहज वाढतात. विंचवावरून बांधलेली अपेक्षा येथे पार फसली. या समुद्रफुलाच्या मुख्य चेताविषाची, ‘एनव्ही-१’ ची, अनेक जनुके सापडली आणि ती जवळजवळ एकसारखी निघाली. नावीन्याचा मागमूस नव्हता. लेखकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच याला कोडे म्हटले. पुढच्याच वर्षी या प्राण्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि २००८ मध्ये कोड्याचा एक धागा सुटला: ही जनुके गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत आणि एकमेकींशी सतत जुळवून घेत एकत्र उत्क्रांत होतात. एखादी वेगळ्या वाटेने जाऊ लागली, तर बाकीच्या तिला रांगेत आणतात.

२०१२ मध्ये आणखी एक धक्का बसला. एनव्ही-१ दंशपेशींत नव्हतेच. ते बाह्यत्वचेतील ग्रंथिपेशींत साठवलेले होते. दंशपेशी म्हणजेच निडारियांची विषाची पेटी, हे समीकरण सर्वांनी इतके गृहीत धरले होते की तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

पण हे एका प्राण्यापुरते आहे की यामागे व्यापक नियम आहे? २०१५ मध्ये कार्तिक सुनगर आणि येहू मोरान यांनी या प्रश्नाला हात घातला. सुनगर तेव्हा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात होते. पुढे ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तेथे त्यांनी विषांच्या उत्क्रांतीची प्रयोगशाळा उभारली. विषारी प्राण्यांच्या अनेक कुळांतील विषजनुके एका मापाने मोजल्यावर सारी कुळे जणू वयानुसार विभागली गेली. निडारिया, कोळी, गोम यांसारख्या प्राचीन कुळांत निवड जुने जपणारी. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उदयाला आलेल्या प्रगत सापांत आणि शंखगोगलगायींत मात्र बदलाला झुकते माप देणारी. निडारियांचे वय ६० कोटी वर्षांच्या घरातले.

यावरून त्यांनी दोन वेगांची कल्पना मांडली. प्राण्याचे कूळ नव्या परिसरात, नव्या भक्ष्यापुढे येते तेव्हा विषाचे भांडार झपाट्याने विस्तारते. परिणामकारक शस्त्रे एकदा हाती लागली की निवड त्यांना गंज चढू देत नाही; बदल छाटले जातात. पुन्हा परिसर बदलला तर पहिला वेग परत येऊ शकतो. मला या कल्पनेत भावते ते हे की ‘प्राचीन’ आणि ‘अप्रगत’ या शब्दांची गल्लत ती मोडून काढते. समुद्रफुलाचे विष बदलत नाही ते त्याला बदलता येत नाही म्हणून नव्हे. सोडियमचे दार हा भक्ष्याच्या शरीरातील इतका नाजूक भाग आहे की त्यात फारसा फेरफार करणे भक्ष्यालाच परवडत नाही. मग किल्ली तरी का बदलावी? त्याच वर्षीच्या आणखी एका शोधनिबंधात, ज्यात सुनगर आणि मोरान दोघेही होते, समुद्रफुलांतील सोडियमचे दार अडवणारी आणि पोटॅशियमचे दार बंद करणारी काही विषे एकाच पूर्वजापासून आल्याचे दाखवले गेले. म्हणजे एके काळी येथेही धडाक्याने नवनिर्मिती झाली होती.

मग समुद्रफूल आज अगदीच स्थिर आहे का? नाही. २०२३ मध्ये मोरान यांच्या गटाने सहकाऱ्यांसह दाखवले की प्रत्येक जातीत विषांचे एखादेच कुटुंब वरचढ असते, आणि ते वरचढ होते जनुकांच्या प्रती वाढवून. नेमॅटोस्टेलाच्या निरनिराळ्या वसाहतींत एनव्ही-१ च्या प्रती १ पासून २४ पर्यंत आढळल्या. फ्लोरिडातील वसाहतीने तर हे विष बनवणे जवळपास सोडूनच दिले आहे. मजकूर तोच राहतो, छापलेल्या प्रतींची संख्या मात्र वरखाली होते. विष बनवणे महागाचे काम आहे, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

आता भारताकडे येऊ, कारण या इतिहासाचे दोन्ही धागे आपल्याकडे एकाच कुपीत एकत्र येतात.

रिशे पॅरिसमध्ये समुद्रफुलांचा अर्क काढत होते, त्याच सुमारास भारतात जॉर्ज लँब हे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर सापांच्या विषावर काम करत होते. मुंबईच्या ज्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी घोणसाच्या विषाचा अभ्यास केला, तीच पुढे हाफकिन संस्था झाली. नागाच्या विषावर बनवलेले प्रतिविष सर्व सापांवर चालते, असे ते बनवणाऱ्या आल्बेर काल्मेत यांचे म्हणणे होते. लँब यांच्या प्रयोगांत ते घोणसाच्या विषावर निष्प्रभ ठरले. एका सापाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, ही गोष्ट तेव्हाच कळली होती. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक किती बदलते आणि औषध त्यामुळे कुठे तोकडे पडते, याचा देशव्यापी हिशेब मात्र अलीकडचा. सुनगर यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये नाग आणि घोणस या दोन्ही सापांबद्दल तो मांडला. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष घोड्यांना टोचून बनते, आणि ते विष बहुतांशी तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यांतील किती जणांना कुपी मिळाली पण ती त्यांच्या जिल्ह्यातील सापाची नव्हती, हा प्रश्न त्या आकड्याच्या आत दडलेला आहे.

२०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी इतर सहकाऱ्यांसह एक कृत्रिम प्रतिपिंड सादर केले. वेगाने बदलणाऱ्या विषातला न बदलणारा भाग त्यांनी लक्ष्य केला होता: नाग, मण्यार आणि आफ्रिकेतील मांबा यांच्या एका चेताविषाचा, भक्ष्याच्या ग्राहीला चिकटणारा भाग. तेवढा बदलला तर विषच निकामी होईल. उंदरांवर हे प्रतिपिंड प्रभावी ठरले. घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा मुख्य मारा या कुळाचा नसल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी लक्ष्ये शोधावी लागतील, आणि माणसावरील चाचण्या अजून पुढे आहेत.

तोवर औषध घोड्याच्या रक्तद्रवाचेच. घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीराला परकी असल्यामुळे, प्रतिविषाची सलाईन सुरू करण्याआधी परिचारिका शेजारच्या तबकात ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून ठेवते. ती ज्या प्रतिक्रियेची वाट पाहत असते, तिला नाव मिळाले ते समुद्रफुलांच्या अर्काने कोसळलेल्या नेपच्यूनमुळे.