स्वमग्न मुलांचे उपचारक कुठून आले?

सरकारी रुग्णालयांच्या पाट्यांवर ‘व्यवसायोपचार विभाग’ अशी अक्षरे असतात. आमच्या वरठीत हा शब्द कोणी बोलत नाही. इथे सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, ‘थेरपी’. पोराला बोलते करायचे असो, पेन्सिल धरायला शिकवायचे असो, की मिक्सरच्या आवाजाला घाबरून तो कान झाकतो ते कमी करायचे असो, आई सांगते, “थेरपीला नेतो जी, नागपूरले.” एका बापाने मात्र ती पाटी नीट वाचली होती. त्याने मला विचारले, “व्यवसाय म्हणजे काय, याले कामधंदा शिकवतात का? सहा वर्षांचं पोट्टं आहे.”

त्याला हसण्याचे कारण नव्हते. भाषांतरकाराने ‘ऑक्युपेशन’चा सरळ अर्थ घेतला आणि पाटी रंगली. पण या उपचाराची सुरुवातही खरोखर कामधंद्यापासूनच झाली आहे. माणसाचे हात एखाद्या अर्थपूर्ण कामात गुंतले की शरीर आणि मन दोन्ही सावरतात, या समजुतीवर १९१७ साली अमेरिकेत या उपचारकांची पहिली संघटना उभी राहिली. विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणे ही तिची औषधे होती. पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी आणि क्षयाच्या आरोग्यधामांनी या पेशाला काम पुरवले. लहान मुले त्यात बरीच नंतर आली, आणि स्वमग्न मुले तर अगदी शेवटी.

मी वरठीचा. रेल्वेच्या वेळापत्रकात आमच्या गावाला त्याचे नाव नाही. स्टेशन ‘भंडारा रोड’. लोक या गावाला सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे ओळखतात. माझे औपचारिक शिक्षण फार नाही. जुने कागद, जनगणनेचे तक्ते, संस्थांचे अहवाल जमवून वाचायची सवय मात्र तीस वर्षांची आहे. हा विषय माझ्याकडे आला तो एका मुलीच्या प्रश्नामुळे. बारावी झालेली, शेजारच्या आळीतली. तिचा भाचा बोलत नाही. त्याला घेऊन ताईसोबत ती आठवड्यातून दोनदा नागपूरच्या गाडीत बसायची. तिने विचारले, “काका, त्या मॅडम जे करतात त्याचं शिक्षण कुठं भेटते?” उत्तर शोधता शोधता मी फार मागे गेलो.

मागे म्हणजे १९५० साली, परळच्या केईएम रुग्णालयात. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा तिथे सुरू झाली आणि ती सुरू करणारी बाई जन्माने अमेरिकन होती. क्वेकर कुटुंबातली एलिझाबेथ १९३०च्या सुमारास भारतात आली, विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. आधी तिने शिक्षणाचे काम केले. मग चाळिशी उलटल्यावर पुन्हा अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचार शिकली आणि परत आली. चाळिशीनंतर नवा पेशा शिकणाऱ्या माणसांबद्दल मला पक्षपात आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा. मराठी वाचकाला निंबकर हे नाव फलटणमुळे ठाऊक असते. तिथली ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा याच बाईंच्या नावाची. इरावती कर्व्यांची मुलगी, लेखिका जाई निंबकर, ही त्यांची सून. घराण्याचा हा धागा अनेकांना माहीत असतो. देशातला एक अख्खा पेशा या घरातून सुरू झाला हे मात्र क्वचित कोणी सांगते.

१९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी या पेशाचा जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या संस्थापक सदस्य देशांत भारत होता. दहा देशांच्या त्या यादीत नुकताच स्वतंत्र झालेला, गरीब देश बसला. कारण परळमध्ये एक शाळा चालू होती. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही असा अभ्यासक्रम आला. विदर्भातल्या जुन्या उपचारकांपैकी बरेच जण तिथूनच बाहेर पडले.

पण हा झाला रुग्णालयातून आलेला रस्ता. दुसरा रस्ता आयांनी पाडला, आणि माझ्या मते स्वमग्न मुलांपर्यंत पोचला तो हा दुसराच.

फातिमा इस्माईल हे नाव आज विस्मरणात गेले आहे. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. मद्रासच्या एका अस्थितज्ज्ञाकडे मुलीवर उपचार करवून घेतल्यावर या बाईंना प्रश्न पडला, की ज्यांना मद्रासला जाणे परवडत नाही त्यांचे काय. १९४७ साली त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली, डॉ. बाळिगांनी मदत केली. हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय त्या कामातून उभे राहिले. पंचवीस वर्षांनी, १९७२ साली, मिठू अलूर यांनी मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. आणि १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ यांनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. त्यांचा मुलगा स्वमग्न. पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता; तिन्ही वेळा दार एका आईने उघडले. शिकलेली माणसे नव्हती म्हणून आयांनी आधी शाळा काढल्या, मग त्या शाळांसाठी शिक्षक घडवले, आणि सरकारने अभ्यासक्रमांवर शिक्का मारला तो सगळ्यांत शेवटी. दिल्लीच्या त्या संस्थेने स्वमग्न मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण नव्वदच्या दशकातच चालू केले होते.

स्वमग्नतेच्या बाबतीत आयांना पुढे यावे लागले त्याला आणखी एक कडू कारण आहे. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. पण पुढची दोन-तीन दशके ‘आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते’ हे मत मोठमोठे लोक छातीठोकपणे मांडत होते. ते मोडून काढण्यात पुढे होते बर्नार्ड रिमलंड. त्यांचे पुस्तक १९६४चे, आणि तेही एका स्वमग्न मुलाचे वडील. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी संघटना काढली. तिच्या संस्थापकांतल्या डॉ. लॉर्ना विंग याही एका स्वमग्न मुलीच्या आई. आमच्याकडे ते मत पुस्तकातून आलेच नव्हते, तरी घरोघरी आहेच. ‘आईने मोबाइल दिला म्हणून’, ‘बाळंतपणात हिने नीट पाळले नाही म्हणून’. मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्दही मला खटकतो. मूल जणू स्वतःच्या मर्जीने आत जाऊन बसले आहे असा त्याचा ध्वनी. पण दुसरा शब्द रुळलेला नाही, म्हणून तोच वापरतो.

जुन्या भंडारा जिल्ह्यात अशी मुले होती का? असणारच. शोधायची कुठे, एवढाच प्रश्न. ब्रिटिश काळातली जनगणना १८८१पासून १९३१पर्यंत ‘व्यंगां’चा तक्ता देई. त्यात चारच रकाने होते: वेडे, मूकबधिर, आंधळे, महारोगी. ऐकू येत असूनही न बोलणारे मूल पटवाऱ्याने कुठे टाकले असेल? माझा तर्क, बहुतेक मूकबधिरांत. आणि ते फार ओरडत असेल तर वेड्यांत. पुढे ‘मतिमंद’ हा शब्द आला आणि ही मुले त्या शाळांत बसली. नागपुरात मातृसेवा संघाची ‘नंदनवन’ ही अशा मुलांची जुनी शाळा. गंमत म्हणजे २०११च्या जनगणनेतही स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातही ती नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६च्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत तिला पक्की जागा मिळाली. निदानासाठी भारतीय मापनश्रेणी २००९ची: चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तरच्या वर गेले की स्वमग्नता. प्रमाणपत्राची वाट तिथून सुरू होते. रकाना नाही तर मोजणी नाही, आणि मोजणी नाही तर पद कशाला मंजूर करायचे? सत्तर-ऐंशी वर्षे उपचारक खेड्यात का पोचले नाहीत याचे निम्मे उत्तर त्या तक्त्यांत आहे.

दुसरे निम्मे उत्तर नोंदवह्यांत आहे. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आली. वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक, पुनर्वसन मानसतज्ज्ञ यांची नोंदणी तिच्याकडे. व्यवसायोपचारक तिच्या कक्षेत नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी आणि फिजिओथेरपिस्टांसाठी वेगळी राज्य परिषद आहे. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी आणखी एक आयोग आणला. मूल एकच, त्याचे हात एका वहीत, जीभ दुसऱ्या वहीत. नागपूरला एकाच मुलाला तीन ठिकाणी फिरवणाऱ्या आईला ही कायद्यांची विभागणी ठाऊक नसते. तिला ऑटोचे तीन वेगळे भाडे तेवढे ठाऊक असते.

त्या मुलीला मी जे सांगितले ते इथे थोडक्यात देतो, कारण अनेक घरांत हा प्रश्न असेल. व्यवसायोपचाराची पदवी बारावी विज्ञाननंतर, साडेचार वर्षांची, आणि महाराष्ट्रात प्रवेश ‘नीट’मधून. वाचा-श्रवणाची पदवी चार वर्षांची; तिलाही ‘नीट’. स्वमग्न मुलांच्या विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका मात्र पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची आणि कोणत्याही शाखेच्या बारावीवर. २०२१पासून समुदायाधारित पुनर्वसनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आहे. याखेरीज जे आहे त्यापासून मी तिला जपून राहायला सांगितले. आठवड्याभराच्या ऑनलाइन शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून ‘ऑटिझम सेंटर’ची पाटी टांगणारी दुकाने मोठ्या शहरांतच काय, आता तालुक्यालाही दिसतात. ‘सहा महिन्यांत मूल नॉर्मल’ असे कोणी म्हणाले की उठावे. तिने कला शाखेतून बारावी केली होती, त्यामुळे रस्ता आपोआप ठरला. पदविकेचे पहिले वर्ष तिने पूर्ण केले आहे.

नोकरीचे काय? २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरला झाली. शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासायची आणि ज्यांच्यात काही आढळेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी रचना. तपासायच्या तीस गोष्टींत स्वमग्नताही आहे. त्या केंद्राच्या आराखड्यात वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी पदे आहेत. कागदावर योजना उत्तम. पण ही पदे कंत्राटी. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा उपचारक वर्षभर एका मुलाचा हात धरून कसा बसणार? स्वमग्न मुलाला माणूस बदललेला सगळ्यांत जास्त बोचतो. मुंबईत ‘उम्मीद’सारख्या संस्थेने २००१पासून डॉक्टर, उपचारक आणि पालक यांना एका छताखाली बसवले. जिल्ह्याला ते जमायचे तर आधी माणूस टिकला पाहिजे. शाळांच्या बाजूने थोडे बरे घडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष मुले आणि विशेष शिक्षक यांचे प्रमाण ठरवून दिले, प्राथमिकला दहा मुलांमागे एक. त्यानंतर २०२४ साली महाराष्ट्राने केंद्रस्तरावर ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्राला एक शिक्षक म्हणजे दहा-बारा गावांच्या शाळांना एक. तरी कायम पद म्हणून त्याचे मोल आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहावेसे वाटले ती. हा पेशा परळहून निघाला तो पुण्या-मुंबईची भाषा घेऊन. आमच्याकडे झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य घातले. तिच्यात ‘ण’ नाही; लोक ‘पानी’ म्हणतात, ‘कोन’ म्हणतात. चार वर्षे एक अक्षर न बोललेले पोर ‘पानी’ म्हणाले आणि घरात आनंद झाला. पण उच्चारांची प्रमाण यादी हातात धरून बसलेल्या एका नवख्या उपचारिकेने तिथे चुकीची खूण केली. आई म्हणाली, “आमी बी तसेच म्हनतो.” चित्रांच्या तक्त्यांतही तसेच: स्ट्रॉबेरी, इग्लू, जहाज. त्याच्या जगात बोडी आहे, धानाची बांधी आहे, सूप आहे, मालगाडी आहे. मालगाडीचे डबे तो मोजतो, हे त्याच्या आजीने सांगितले. तक्त्याने नाही विचारले.

हाताच्या स्पर्शाची भीती जावी म्हणून एकदा उपचारिकेने तांदळाच्या डब्यात हात घालून खेळायला सांगितले. आजी बिघडली: अन्नात खेळायचे नसते, लक्ष्मी आहे ती. मग धानाचे तूस आणले. तूस टोचते, म्हणून पोर दोन दिवस जवळ आले नाही. तिसऱ्या दिवशी त्यात एक छोटी मालगाडी पुरून ठेवली. त्या मावशीने, म्हणजे पदविका करणाऱ्या मुलीने, आता स्वतःच चित्रे काढायला घेतली आहेत. पहिल्या पंचवीस कार्डांत बोडी, बांधी, सूप, मोहाचे झाड, फाटक, मालगाडी. आणि पाण्याच्या गडव्याच्या चित्राखाली तिने ‘पानी’ असेच लिहिले आहे.