स्मृतिपृष्ठांची अवस्था

स्मृतिपृष्ठांची अवस्था म्हणजे संगणकाच्या मुख्य स्मृतीतील प्रत्येक पृष्ठ एखाद्या क्षणी कोणत्या कामात गुंतलेले आहे, याविषयी संचालन प्रणालीने ठेवलेली नोंद होय. पृष्ठ रिकामे आहे की वापरात आहे, ते अलीकडे वाचले गेले की बराच काळ नुसते पडून आहे, त्यातील मजकूर डिस्कवरील प्रतीशी जुळतो की त्यात बदल झालेला आहे, या गोष्टी त्या नोंदीवरून कळतात. कोणते पृष्ठ मोकळे करावयाचे आणि कोणते आधी डिस्कवर उतरवून घ्यावयाचे, हे प्रणाली तिच्याच आधारे ठरवते. नोंदीत चूक झाल्यास संगणक मंदावतो. क्वचित प्रसंगी तर सुरक्षित जतन झाल्याचे सांगितलेली माहितीच नाहीशी होते. या लेखात मुख्यतः लिनक्स कर्नेलमधील व्यवस्थेचे वर्णन असून अन्य प्रणालींचा उल्लेख तुलनेपुरता आहे.

पृष्ठ आणि पृष्ठसारणी

संचालन प्रणाली स्मृतीचा हिशेब एकेका बाइटने करीत नाही, तर ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी करते. या तुकड्याला पृष्ठ किंवा पेज म्हणतात. इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर पृष्ठाचा मूळ आकार ४,०९६ बाइट असतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरांवर मॅकओएस १६ किलोबाइटचे पृष्ठ वापरते. प्रत्येक चालू आज्ञावलीला स्वतःची सलग स्मृती असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तिची पृष्ठे रॅममध्ये कोठेही विखुरलेली असतात, आणि काही तर रॅममध्ये नसतातच. आभासी पत्ता व खरा पत्ता यांची सांगड ज्या तक्त्यात घातलेली असते, त्याला पृष्ठसारणी म्हणतात.

सारणीतील प्रत्येक नोंदीत पत्त्याखेरीज काही खुणेचे बिट असतात. पृष्ठ रॅममध्ये हजर आहे का, त्यावर लिहिण्यास परवानगी आहे का, ते वाचले गेले आहे का आणि त्यावर काही लिहिले गेले आहे का, हे त्यांपैकी महत्त्वाचे चार बिट होत. यांतील शेवटचे दोन प्रोसेसर स्वतः उमटवतो, पण तो ते कधीही पुसत नाही. पुसण्याचे काम कर्नेलचे असते. या श्रमविभागणीवरच पुढची सारी व्यवस्था उभी आहे. कर्नेल वाचनाची खूण पुसून ठेवतो आणि काही काळाने पुन्हा पाहतो. खूण परत उमटलेली दिसली, तर मधल्या काळात कोणीतरी ते पृष्ठ वापरले असा अर्थ होतो. किती वेळा वापरले, हे मात्र एका बिटावरून कळत नाही. त्यामुळे ‘सर्वांत कमी वापरलेले पृष्ठ’ हा सगळ्या प्रणालींमध्ये अंदाजाचाच भाग राहतो.

इतिहास

पृष्ठांच्या साहाय्याने स्मृतीचे व्यवस्थापन करणारा पहिला मोठा संगणक मँचेस्टर विद्यापीठातील अ‍ॅटलस हा होय. १९६२ मध्ये तो कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती ३२ पृष्ठांची होती व एका पृष्ठात ५१२ शब्द मावत. उरलेला मजकूर फिरत्या चुंबकीय ड्रमवर असे. कोणते पृष्ठ ड्रमवर पाठवावे हे ठरविण्यासाठी प्रत्येक पृष्ठाला ‘वापर झाला’ अशी खूण जोडलेली होती. आजच्या वाचनबिटाचे मूळ तेथेच सापडते.

ही खूण यंत्रातच नसेल तर काय करावे, हा प्रश्न १९७९ च्या सुमारास बर्कली विद्यापीठातील युनिक्सच्या विकासकांपुढे उभा राहिला. कारण त्यांच्या व्हॅक्स संगणकात वाचनबिट नव्हता. ओझाल्प बाबाओग्लू व बिल जॉय यांनी त्यावर युक्ती योजली. पृष्ठ रॅममध्ये असूनही सारणीत ते ‘गैरहजर’ दाखवायचे. आज्ञावली त्याला हात लावायला गेली की प्रोसेसर कर्नेलला हाक मारतो आणि वापराची नोंद आपोआप होते. इंटेलच्या १९८५ मधील ८०३८६ या प्रोसेसरात वाचनाचे व बदलाचे असे दोन्ही बिट उपलब्ध झाले आणि घरगुती संगणकांवर ही व्यवस्था शक्य झाली.

लिनक्समधील नोंदी

पृष्ठसारणी प्रत्येक आज्ञावलीची वेगळी असते. परंतु एकच पृष्ठ अनेक आज्ञावल्या सामाईकपणे वापरत असतात, म्हणून लिनक्स कर्नेल रॅममधील प्रत्येक खऱ्या पृष्ठासाठी स्वतंत्र टिपणही ठेवतो. ६४ बिटांच्या यंत्रांवर हे टिपण साधारणतः ६४ बाइटचे असते. १६ गिगाबाइट रॅममध्ये सुमारे ४२ लाख पृष्ठे येतात. म्हणजे केवळ नोंदवहीसाठीच २५६ मेगाबाइट खर्च होतात. टिपणाचा आकार काही बाइटने वाढविण्याच्या सूचनेवरही कर्नेलच्या विकासकांत कसून चर्चा होते, ती याच कारणामुळे.

वापरातील पृष्ठे ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ अशा याद्यांत विभागलेली असतात. फाइलमधून आलेली पृष्ठे आणि आज्ञावलीने स्वतः निर्माण केलेली, म्हणजे कोणत्याही फाइलचा आधार नसलेली ‘अनामिक’ पृष्ठे यांच्या याद्या २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीपासून वेगळ्या करण्यात आल्या. जागेवरून हलविता न येणारी पृष्ठे आणखी एका यादीत असतात. रिकाम्या पृष्ठांची संख्या ठरावीक पातळीखाली गेली की केस्वॉपडी नावाची पार्श्वभूमीवर चालणारी प्रक्रिया जागी होते व निष्क्रिय यादीच्या शेपटाकडून पृष्ठे मोकळी करू लागते. फाइलचे न बदललेले पृष्ठ सरळ टाकून देता येते, कारण त्याची प्रत डिस्कवर असतेच. अनामिक पृष्ठ मात्र आधी स्वॅप क्षेत्रात लिहून ठेवावे लागते. २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत दोनऐवजी अनेक ‘पिढ्यां’त पृष्ठांची विभागणी करणारी पर्यायी पद्धत समाविष्ट झाली.

बदललेली पृष्ठे

फाइलमध्ये काही लिहिले की ते तत्काळ डिस्कवर जाते, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः बदल प्रथम रॅममधील पृष्ठात होतो व त्या पृष्ठावर ‘डर्टी’ अशी खूण पडते. मराठीत या शब्दासाठी ‘मलिन’ असा प्रतिशब्द काही ठिकाणी योजलेला आढळतो, पण तो दिशाभूल करणारा आहे. अशा पृष्ठात दोष काहीच नसतो, उलट नवा आणि खरा मजकूर तेवढ्या त्याच्याजवळच असतो. ‘न उतरविलेले पृष्ठ’ म्हटले तर अर्थ अधिक नेमका कळेल. लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार अशी पृष्ठे लिहून काढणारी प्रक्रिया दर ५ सेकंदांनी जागी होते आणि ३० सेकंदांहून जुने झालेले बदल डिस्कवर पाठवते. त्या दरम्यान वीज गेल्यास ते बदल गमावले जातात. ज्या आज्ञावल्यांना हा धोका परवडत नाही, त्या एफसिंक ही विनंती करून पृष्ठे ताबडतोब लिहून घेतात.

ही विनंतीदेखील पूर्णतः भरवशाची नाही, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या माहितीसाठा प्रणालीच्या विकासकांच्या लक्षात आले. डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर लिनक्स ती चूक कळवीत असे. परंतु त्याच वेळी पृष्ठावरील ‘बदललेले’ ही खूणही उतरवीत असे. माहितीसाठा प्रणाली पुन्हा एफसिंक करी, तेव्हा लिहिण्याजोगे पृष्ठच शिल्लक नसल्याने उत्तर ‘यशस्वी’ असे येई. मजकूर डिस्कवर कधीच पोहोचलेला नसे. कर्नेलच्या बाजूनेही युक्तिवाद होता: पेन ड्राइव्ह काढून घेतल्यावर त्याची न उतरविलेली पृष्ठे रॅममध्ये कायमची अडकवून ठेवणे परवडणारे नाही. तरीही ज्याने माहिती सुरक्षित राहील या विश्वासाने व्यवहार नोंदविला, त्याच्या दृष्टीने ही गंभीर त्रुटीच म्हणावी लागेल. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसक्यूएल अशी चूक आढळताच दुसरा प्रयत्न न करता स्वतःला बंद पाडते, आणि पुन्हा सुरू होताना आपल्या व्यवहारनोंदींतून मजकूर नव्याने उभा करते.

याच्या उलट प्रकार २०२२ मधील ‘डर्टी पाइप’ या सुरक्षादोषात दिसला. माक्स केलरमान यांनी उघड केलेल्या या दोषामुळे, केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फाइलच्या रॅममधील पृष्ठात सामान्य वापरकर्त्यालाही बदल करता येत असे. विशेष म्हणजे त्या पृष्ठावर बदलाची खूण पडत नसे. साहजिकच बदल आपणहून डिस्कवर जात नसे, संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो नाहीसा होई आणि मागे पुरावाही राहत नसे.

वापरकर्त्याला मिळणारा अहवाल

लिनक्समध्ये ही माहिती प्रॉक या आभासी फाइलप्रणालीतून मिळते. तिच्यातील मेमइन्फो ही फाइल संपूर्ण यंत्राचा गोषवारा देते. तीत एकूण, रिकामी, सक्रिय, निष्क्रिय, न उतरविलेली, उतरविली जात असलेली व अनामिक अशा स्मृतीचे आकडे असतात. आकड्यांपुढे किलोबाइट असे लिहिलेले असले, तरी एकक १,०२४ बाइटचे असते.

नवख्या वापरकर्त्याला ‘रिकामी स्मृती’ हा आकडा फार लहान दिसतो व तो घाबरून जातो. ही भीती अनाठायी आहे. रिकामी रॅम निरुपयोगी असल्याने कर्नेल तिच्यात वाचून झालेल्या फाइलींची पृष्ठे साठवून ठेवतो व गरज पडताच ती सोडून देतो. हा घोळ टाळण्यासाठी २०१४ मधील ३.१४ या आवृत्तीत ‘उपलब्ध स्मृती’ असा नवा आकडा जोडण्यात आला. स्वॅपचा आधार न घेता नव्या आज्ञावलींना किती जागा मिळू शकेल, याचा तो अंदाज असतो.

एकेका प्रक्रियेचा हिशेब स्मॅप्स या फाइलीत सापडतो. येथे सामाईक पृष्ठांची अडचण येते. समजा, ३०० पृष्ठांचे एक ग्रंथालय तीन प्रक्रिया मिळून वापरत आहेत. प्रत्येकीच्या नावे ३०० पृष्ठे धरली तर बेरीज ९०० होते, जी खरी नाही. म्हणून ‘प्रमाणशीर वाटा’ काढून प्रत्येकीच्या नावे १०० पृष्ठे मांडली जातात. एखाद्या आज्ञावलीने किती रॅम ‘खाल्ली’ हे सांगताना हाच आकडा घ्यावा. केवळ हजर पृष्ठांची संख्या सांगणारी साधने तिचा वापर फुगवून दाखवतात.

याहून सूक्ष्म माहिती पेजमॅप या फाइलीत असते. तीत प्रत्येक आभासी पृष्ठामागे ६४ बिटांची नोंद असून पृष्ठ हजर आहे की स्वॅपमध्ये, हे तिच्या सर्वांत वरच्या दोन बिटांवरून कळते. खालच्या बिटांत पृष्ठाचा रॅममधील खरा क्रमांक असतो.

गोपनीयतेचा प्रश्न

हा खरा क्रमांक पूर्वी सामान्य वापरकर्त्यालाही वाचता येत असे. २०१५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने रोहॅमर हल्ल्याचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध केले. रॅममधील एकाच ओळीला वारंवार स्पर्श करून शेजारच्या ओळीतील बिट उलटविण्याची ती रीत होती, आणि शेजारी कोण आहे हे ओळखण्यास पेजमॅपची मदत होई. त्यानंतर लिनक्सने विशेष अधिकार नसलेल्यांना क्रमांकाच्या जागी शून्य दाखविण्यास सुरुवात केली. फाइलचे पृष्ठ रॅममध्ये आहे का, एवढेच सांगणाऱ्या मिनकोर या विनंतीवरही २०१९ मध्ये बंधन आले. इतर प्रक्रिया काय वाचत आहेत, याचा माग तिच्यावरून काढता येतो असे संशोधकांनी दाखविले होते.

इतर प्रणाली

विंडोजमध्ये प्रत्येक पृष्ठ वापरातील, बदललेले, राखीव, रिकामे, शून्य भरलेले अशा एखाद्या यादीत असते. राखीव यादीतील पृष्ठ पुन्हा हवे झाल्यास डिस्ककडे न जाता तेथूनच परत मिळते. शून्य भरलेल्या पृष्ठांची स्वतंत्र यादी ठेवण्यामागे सुरक्षेचा विचार आहे: एका आज्ञावलीचा उरलेला मजकूर दुसरीच्या हाती पडू नये. ही माहिती रॅममॅप या मायक्रोसॉफ्टच्या साधनात रंगीत तक्त्यासह पाहता येते.

मॅकओएसमधील व्हीएम-स्टॅट ही आज्ञा मोकळी, सक्रिय, निष्क्रिय व जागेवर खिळलेली पृष्ठे मोजून दाखवते. २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून त्यांत दाबून लहान केलेल्या पृष्ठांची भर पडली. अशी पृष्ठे रॅममध्येच, पण कमी जागेत राहतात. त्यामुळे मॅकवरील आकड्यांची लिनक्सच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही.