नवोन्मेषाचा संगणकीय अभ्यास
पेटंट, शोधनिबंध व सॉफ्टवेअर यांच्या प्रचंड नोंदी संगणकाने तपासून नव्या कल्पनांचा उगम व प्रसार अभ्यासणारी संगणकीय सामाजिक शास्त्राची शाखा. नवोन्मेष म्हणजे ज्ञात घटकांची नवी जुळणी, ही योझेफ शुंपेटर यांची 1911 मधील मांडणी तिच्या मुळाशी आहे (पहा : शुंपेटर, योझेफ). डेरेक डी सोला प्राइस यांनी 1965 मध्ये शोधनिबंधांतील परस्पर-संदर्भांचे जाळे मांडले.

एखादे पेटंट आपल्या पूर्वाधारांना मागे सारते की बळकटी देते, हे मोजणारा रसेल फंक व जेसन ओवेन-स्मिथ यांचा निर्देशांक (2017) हे या शाखेचे प्रमुख साधन. नंतरची पेटंटे एखाद्या पेटंटचाच संदर्भ देत असतील आणि त्याच्या पूर्वाधारांचा देत नसतील, तर मूल्य +1 कडे झुकते. दोहोंचा देत असतील, तर −1 कडे (पहा : जालविश्लेषण). मायकेल पार्क, एरिन लेही व फंक यांनी 2023 मध्ये सुमारे 4.5 कोटी निबंध व 39 लाख पेटंटे तपासली आणि हे सरासरी मूल्य दशकानुदशके घसरल्याचे दाखवले. संदर्भसूची न नोंदलेल्या जुन्या निबंधांमुळे ही घसरण अतिरंजित दिसते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

संशोधन-अनुदानाच्या धोरणचर्चेत या मापनांचा आधार घेतला जातो. पेटंट न घेतलेले नवोन्मेष, उदा. शेतकऱ्याने अवजारात केलेली सुधारणा, बहुधा त्यांच्या कक्षेबाहेर राहतात (पहा : पेटंट).