समावर्तन आणि शिशुवर्ग

'स्नातक' या शब्दात एक स्नान दडलेले आहे. गुरुगृही राहून अध्ययन पूर्ण करणाऱ्या ब्रह्मचाऱ्याला समावर्तनाच्या दिवशी विधिपूर्वक स्नान घातले जाई आणि त्यानंतर नवी वस्त्रे, पादत्राणे, छत्री व माळा धारण करण्याची मुभा त्याला मिळे. गृह्यसूत्रांतील हा तपशील केवळ शोभेचा नाही. अध्ययनकाळात जे त्याला वर्ज्य होते, तेच त्या दिवशी त्याच्या हाती दिले जाई. अवस्था बदललेली असे, म्हणून वेष बदले. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला उपदेश आहे. तोही गृहस्थाश्रमाची जबाबदारी पेलू शकणाऱ्या तरुणालाच उद्देशून आहे. अलीकडच्या काळात अनेक खाजगी शाळांत मोठ्या शिशुवर्गातून पहिलीत जाणाऱ्या पाचसहा वर्षांच्या मुलांना काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून 'ग्रॅज्युएशन' समारंभ केला जातो. त्याच्या इष्टानिष्टतेचा विचार करताना या जुन्या विधीचे स्मरण अगत्याचे ठरते.

लहान मुलाच्या बाबतीत भारतातील बहुतेक परंपरांनी सोहळा केला तो विद्येच्या आरंभाचा. केरळात विजयादशमीला मुलाचे बोट धरून तांदळात अक्षरे गिरवून घेतली जातात. तिरूर येथील तुंचन परंबू या एळुत्तच्छनांच्या स्थानी त्यासाठी आजही गर्दी लोटते. बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दिवशी 'हातेखडी' होते. भारतातील अनेक मुस्लिम कुटुंबांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्ला' करण्याची रीत आहे. महाराष्ट्रात दसऱ्याचे पाटीपूजन आणि गावठी शाळेतील धुळाक्षरे यांनी हेच कार्य केले. 'श्रीगणेशा' आणि 'ओनामा' हे आरंभवाचक शब्द मराठीत रुळले ते मुलांच्या पहिल्या धड्यातूनच. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचे मुलांच्या तोंडी 'ओनामासीधं' झाले. बालवयातील शिक्षणाच्या समाप्तीसाठी मात्र भाषेत असा शब्द रुजला नाही. कुराणाचे पहिले वाचन पूर्ण झाल्यावर होणारा आनंदसोहळा समाप्तीचा म्हणावा, तर तोही एका निश्चित ग्रंथाच्या वाचनाशी जोडलेला आहे. या सर्व विधींत एक गोष्ट समान दिसते : मूल तेथे स्वतः काही करते. ते गिरवते, उच्चारते, वाचते.

झग्याचा इतिहास वेगळा आहे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली आणि मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांचा वेष पदवीदान समारंभाबरोबर येथे आला. पुढे या समारंभाला 'दीक्षान्त' हे संस्कृत नाव मिळाले, तरी वेष तोच राहिला. शांतिनिकेतनात पदवीधरांना सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा पडली, तो या वेषाला दिलेला एक शांत पर्यायच होता. एप्रिल २०१० मध्ये भोपाळ येथील एका समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी अंगावरचा झगा वसाहतकाळाचा अवशेष म्हणून उतरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना दीक्षान्त समारंभासाठी भारतीय वेष ठरवण्यास सांगितले. ज्या काळात विद्यापीठे या झग्याचा फेरविचार करू लागली, त्याच काळात तो शिशुवर्गात येऊन पोहोचला. पदवीधराच्या अंगावर तो निदान काही वर्षांच्या अभ्यासाचे चिन्ह असतो. बालकाच्या अंगावर तो मोठ्यांच्या अपेक्षेचे चिन्ह होतो.

बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांना या धोक्याची जाणीव होती. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली सुरू केलेल्या 'बालगृहा'तील एक प्रसंग नोंदवला आहे. एका मुलाला बक्षीस म्हणून रुपेरी क्रूस मिळाला होता आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून एका बाजूला बसवले होते. कामात गढलेल्या पहिल्या मुलाचा क्रूस गळून पडला, तो बसलेल्या मुलाने उचलला. आणि मालकाने तो त्याला खुशाल लावू दिला. त्याला आपल्या कामापुढे त्या अलंकाराची मातब्बरी वाटली नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर उभारणाऱ्या गिजुभाई बधेकांनी शिक्षा आणि बक्षीस दोन्ही नाकारली, त्यामागे हीच दृष्टी होती. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात न्यावी, हा त्यांचा मार्ग होता. रवींद्रनाथांच्या पोपटाच्या कथेत सोन्याच्या पिंजऱ्याचे सर्वांना कौतुक असते, पक्ष्याची विचारपूस तेवढी कोणी करीत नाही. शिशुवर्गाच्या व्यासपीठाकडे पाहताना या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे.

तथापि एवढ्यावरून असा समारंभ निरर्थक ठरवणे घाईचे होईल. समावर्तनाचे दार स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना बंद होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालवली, तेव्हा केवळ अक्षरारंभ हाही संघर्ष होता. ज्या घरात आजीने पाटी पाहिली नाही आणि आईची शाळा चौथीत सुटली, त्या घरात मुलीच्या हातातील साधे प्रमाणपत्र हा खोटा अभिमान नव्हे. जपानमध्ये बालवाडीच्या प्रवेशाचा आणि निरोपाचा असे दोन्ही समारंभ रूढ आहेत आणि निरोपाच्या वेळी मुलाला प्रमाणपत्र दिले जाते. एका टप्प्याला नाव देणे, सोबत्यांचा आणि बाईंचा रीतसर निरोप घेणे, ही बालकाचीही गरज असू शकते. अडचण अशी की ज्या घरांचा हा अभिमान सर्वांत खरा, त्याच घरांना झग्याचे भाडे, नृत्याचा पोशाख आणि छायाचित्रांचे पैसे जड जातात. वर्गातील एखादे मूल त्या दिवशी घरी राहिले, तर समारंभाने आपला हेतूच गमावला असे म्हणावे लागते.

आणखी एक विसंगती लक्षात घ्यावयास हवी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांत भिंत नसावी, हा त्याचा आशय आहे. मग जेथे सातत्य हवे, तेथेच समाप्तीचा पडदा पाडण्यात औचित्य कोणते? गुजरातमध्ये २००३ पासून चालत आलेला शाळा प्रवेशोत्सव या दृष्टीने परंपरेला अधिक जवळचा आहे, कारण तो मुलाला दारातून आत घेतो आणि पटनोंदणीचे प्रत्यक्ष काम करतो.

तेव्हा समारंभाची कसोटी त्याच्या थाटात शोधता येणार नाही. त्यात मूल स्वतः काय करते, त्यातील चिन्हांचा अर्थ त्याला कळतो का आणि कोण बाहेर राहते, हे तीन प्रश्न विचारणे पुरेसे आहे. शिशुवर्गातील मुलांनी एखाद्या सकाळी आपल्या बाईंचा हात धरून पहिलीच्या वर्गात जावे, तेथील फळ्यावर आपापले नाव लिहावे किंवा चित्र काढावे, नव्या गुरुजींनी त्यांना नावाने हाक मारावी, एवढ्यानेही टप्पा ओलांडला जातो. अशा समारंभाला झगा लागत नाही, आणि पैशांअभावी कोणाला घरी राहावे लागत नाही.