आठ तासांचं ऊन

समुद्राचं धुकं झालेलं, ढगांचे पट्टे ताणले गेलेले आणि मधोमध एखादा काळा खडक. असे कृष्णधवल लाँग एक्स्पोजर फोटो आता सर्रास दिसतात. हे डिजिटल जमान्याचं फॅड आहे, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. छायाचित्रणाचा जन्मच लाँग एक्स्पोजरमध्ये झालाय.

१८२६-२७च्या सुमारास फ्रान्समधल्या एका खेड्यात निसेफोर निएप्सने माडीवरच्या खिडकीत कॅमेरा मांडला. आत कथिलाच्या मिश्रधातूचा पत्रा, त्यावर लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवलेल्या डांबराचा पातळ थर. उजेड पडला तिथलं डांबर घट्ट झालं, सावलीतलं नंतर धुऊन काढलं. याला किमान आठ तास लागले. काही संशोधकांच्या मते तर कित्येक दिवस. चित्रातल्या इमारती नीट बघा: समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना ऊन आहे. सकाळ आणि संध्याकाळ एकाच पत्र्यावर! कुणाच्याही डोळ्यांना कधी न दिसलेलं दृश्य. माझ्या लेखी या कलेचं मूळ तिथे आहे.

१८३८मध्ये दागेर या आरंभीच्या छायाचित्रकाराने पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, तेव्हा काही मिनिटं पुरली. तरी घोडागाड्या आणि चालती माणसं उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला गृहस्थ तेवढा ठळक दिसतो.

पुढे सगळी धडपड वेगासाठी. १८५१च्या कलोडियन पद्धतीने, म्हणजे काचेवर ओलं रसायन पसरून फोटो घेण्याच्या तंत्राने, काम सेकंदांवर आणलं आणि काही वर्षांतच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रेच्या काचेवर लाटा थबकल्या.

हाती वेगवान फिल्म असताना मुद्दाम हळू जाणाऱ्यांत मायकेल केन्नाचं नाव मी आधी घेईन. हा ब्रिटिश छायाचित्रकार रात्री दहा-दहा तासही शटर उघडं ठेवतो. त्यात फिल्मची एक खोड आडवी येते: उजेड अंधूक असला की ती सुस्तावते, हिशेबापेक्षा जास्त वेळ मागते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्डने १९००च्या आसपास याचं गणित मांडलं होतं.

दिवसाढवळ्या हे करायचं तर दहा स्टॉपचा काळा फिल्टर लागतो. तो उजेड सुमारे हजारपट कमी करतो. सेकंदाच्या तिसाव्या भागाचं काम अर्ध्या मिनिटावर जातं. फिल्टर नसला तरी अडत नाही. ट्रायपॉड घ्या आणि सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने सुरुवात करा.