अंगणवाडीच्या ताई शिकल्या कुठं?



मागच्या महिन्यात आपल्या पैठण तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला बसले होते. हप्ते भरून झाले, सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेवढ्यात एक जण म्हणाली, "अंगणवाडीच्या ताई परत ट्रेनिंगला गेल्या. लेकरांना शिकवायचं सोडून ह्याच किती दिवस शिकणार?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मी स्वतः बरीच वर्षं मुख्यसेविका होते, त्यामुळं हा टोमणा मला नवा नाही. पण त्या दिवशी वाटलं, याचं उत्तर एकदा नीट द्यावं. आणि ते द्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

आपल्या पैठणात पैठणी विणायला शिकणारी पोर पहिल्या दिवशी मोराच्या पदराला हात लावत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी शेजारी बसून बघायचं, मग साधं विणायचं, मग काठ, मग कुठं बुट्टी. एक धागा चुकला तर उसवून परत. रेशमासाठी आपण एवढा धीर धरतो. तीन वर्षांचं लेकरू मात्र कुणाच्याही हवाली करावं, त्यात शिकण्यासारखं काय आहे, असंच पूर्वी सगळे समजत होते. लहान पोरं सांभाळणं हे बाईला जन्मतःच येतं, असं म्हणत. ही समजूत ज्यांनी मोडली, त्यांत आपल्या दोन मराठी बाया होत्या.

पहिल्या ताराबाई मोडक. जन्म 1892 चा, मुंबईचा. त्या काळात बी.ए. झालेल्या. लग्न अमरावतीच्या वकिलांशी झालं, पण संसार टिकला नाही आणि 1921 मध्ये घटस्फोट झाला. पदरात एक लहान मुलगी. आजही अशा बाईकडं लोक कसं बघतात ते तुम्ही जाणता, शंभर वर्षांपूर्वीचं तर विचारूच नका. ताराबाई राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. चांगल्या पगाराची, मानाची नोकरी. ती सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गेल्या, कारण तिथं गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांची एक वेगळी शाळा चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. मुलांमध्ये इतके रमले की वकिली सोडली. गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत.

तिथं ताराबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. प्राचार्य राहिलेली बाई खाली सतरंजीवर बसून मुलं काय करतात ते बघत राहिली. इटलीच्या मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंचे विचार तेव्हा जगभर पसरत होते. मूल ऐकून शिकत नाही, हातानं करून शिकतं, आणि शिक्षिकेनं आधी मुलाकडं बघायला शिकलं पाहिजे, हे त्यांचं सांगणं. 1926 मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. त्यांनी मुलांच्या शाळेबरोबरच शिक्षिका घडवायचं कामही हाती घेतलं. प्रशिक्षणाचे वर्ग चालवले, 'शिक्षण पत्रिका' नावाचं मासिक काढलं. लांबच्या गावातल्या शिक्षिकेला घरबसल्या काही नवं वाचायला मिळावं, तिचं शिकणं थांबू नये, म्हणून. पुढं ताराबाईंनी मुंबईला दादरला शिशुविहार उभं केलं.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. हे सगळं शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांपुरतं राहिलं होतं. माँटेसरीचं साहित्य महाग. गुलाबी लाकडी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या. खेड्यात ते कोण घेणार? 1945 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाई मुंबई सोडून डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि तिथं गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली.

इथं दुसरी बाई येते. अनुताई वाघ. जन्म 1910 चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत कपाळ पांढरं झालं. वडिलांनी शिकवलं. व्हर्नाक्युलर फायनल झाली, पुण्याला ट्रेनिंग झालं, मग नाशिक जिल्ह्यात चांदवडकडं खेड्यातली मास्तरकी, मग पुण्याला हुजूरपागेत बरीच वर्षं नोकरी. ती करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक. 1945 मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचं एक शिबिर भरलं होतं, तिथं ताराबाईंची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला गेल्या त्या कायमच्या. पंधरा-सोळा वर्षं शिकवलेली बाई, पण लहान मुलांचं शिक्षण ताराबाईंच्या हाताखाली पहिल्यापासून शिकली.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण एक अडचण आली. हरिजन वस्तीतली मुलं येईनात. दोन दिवस आली, चार दिवस नाही. कुणी धाकटं भावंडं सांभाळत होतं, कुणाला अंगावर घालायला नव्हतं, आणि शिवाशिवीची भीती तर होतीच. आता तुम्ही सांगा, नेहमीची सरकारी अधिकारी असती तर तिनं काय केलं असतं? कागदावर लिहिलं असतं, 'पालक उदासीन'. (मीही असे शेरे लिहिले आहेत, लपवत नाही.) या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून नाव पडलं अंगणवाडी. आज देशभर, जिथं मराठीचा एक शब्द कळत नाही तिथंही, हाच शब्द चालतो.

तुम्ही म्हणाल, यात ट्रेनिंगचा काय संबंध? आहे तो असा. शहरात शिकलेली पद्धत जशीच्या तशी चालेना, म्हणून या दोघींना स्वतःला नव्यानं शिकावं लागलं. महागड्या मण्यांऐवजी बिया, शंख-शिंपले, दगडगोटे, पानं. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलांत. तिथली मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जात. म्हणून शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीलाही शिकता यावं. त्यांनी गावातल्याच बायांना बालसेविका म्हणून तयार केलं. आणि अनुताई? त्या 1961 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, बी.ए. झाल्या. शिकवून शिकवून केस पिकले तरी परीक्षेला बसल्या.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढं 1992 पर्यंत कोसबाड सांभाळलं.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात 33 ठिकाणी. आपल्याकडं तेव्हा जायकवाडीचं काम संपत आलं होतं. 1976 च्या फेब्रुवारीत धरणाचं उद्‌घाटन झालं. नाथसागराची भिंत सगळ्यांना दिसते, अंगणवाडी मात्र हळूहळू, एकेक गाव करत आली. योजनेत सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण.

माझं मत विचाराल तर इथंच गाडी थोडी घसरली. अंगणवाडी हे नाव बालशिक्षणातून आलं, पण गावानं तिला ओळखलं खाऊवरून. आहाराची गरज खरीच होती, त्याला मी नावं ठेवत नाही. पण सेविकेच्या दिवसातला किती वेळ गाणी-गोष्टींना उरला? वजनं, रजिस्टरं, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, आणि 2021 पासून मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर. मी तपासणीला जायची तेव्हा आधी रजिस्टर बघायची. मुलं काय खेळतात ते बघायला वेळ उरला तर उरला. बसमध्ये परत येताना कधी कधी लाज वाटायची.

आता वारं थोडं फिरलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की मुलाच्या मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आतच होते. म्हणून बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यावा, तोही काम सांभाळून मोबाईल-टीव्हीवरून करता येईल असा, असं त्यात म्हटलं आहे. 2023 मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आला. तुमच्या ताई जातात ती ट्रेनिंगं यातलीच असतात. त्यांनी जावं की नाही हा प्रश्नच नाही. त्या जातात तेव्हा मागं काय होतं, हा प्रश्न आहे. मदतनीस एकटी. तिनं खिचडी शिजवायची की वीस लेकरं बघायची? मग कुलूप लागतं, गाव कुरकुरतं, आणि पुढच्या वेळी ताई ट्रेनिंग अर्धं टाकून येते. अशी अर्ध्यावर परत आलेली सेविका मी एक नाही, बऱ्याच पाहिल्या.

आपल्या पैठणची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नाथ महाराज भर दुपारी गोदावरीवर गेले, तापलेल्या वाळवंटात महाराचं लेकरू रडत होतं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या आईपाशी पोचवलं. नाथषष्ठीच्या कीर्तनात आपण ती ऐकतो. बोर्डीच्या वस्तीत गेलेल्या त्या दोन बायांबद्दल वाचताना मला दरवेळी ते वाळवंट आठवतं.

तर त्या बैठकीतलं पुढं सांगते. हसणं थांबल्यावर मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. जिनं टोमणा मारला होता तीच म्हणाली, "मग ताई ट्रेनिंगला गेल्यावर आम्ही दोघी-दोघी पाळीनं मदतनिसापाशी बसलो तर चालतं का?" मी म्हटलं, पर्यवेक्षिकेला आधी सांगा आणि बसा. गटाच्या वहीत पाळी लिहिली गेली. पहिल्या दिवशी दोन म्हाताऱ्या गेल्या. शिकवायला काय न्यायचं ते कळेना, म्हणून एकीनं ओट्यात चिंचोके नेले आणि दुसरीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. चिंचोक्यांचे ढीग करता करता पोरं दहापर्यंत मोजायला लागली, असं मदतनीस सांगत होती. ताई परत आल्या त्या दिवशी बाराजणं आधीच येऊन दारात बसली होती.